कंपनीच्या स्टिरिओवर सबवूफर बसवलाय? गेनला हात लावण्याआधी हे वाचा

कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून अँप्लिफायर आणि सबवूफर बसवून नेलेल्या ग्राहकांचा काही दिवसांनी ठरलेला फोन येतो: "आवाज वाढवला की बास कमी पडतो, म्हणून अँपचा नॉब थोडा फिरवला. आता बास फाटतोय." काही जण येतात तोवर सबवूफरची कॉइल जळालेली असते. तुमची गाडी पुन्हा दिवसभर अडकते आणि नवा खर्च पडतो, तो वेगळाच.

तो नॉब गेनचा. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, तेवढंच तो अँपला सांगतो. नॉबच्या एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर पूर्ण फिरवल्यावर अँप ०.२ व्होल्टलाच पूर्ण ताकद लावतो. आपण सिग्नल घेतो त्या स्पीकरच्या वायरमधून तर कितीतरी जास्त व्होल्ट येतात. ३०० वॅटचा अँप ३०० वॅटचाच राहतो. त्यापुढे ताकद मागितली की सिग्नलचे शेंडे कापले जातात. पूर्ण कापलेला चौकोनी सिग्नल तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ सिग्नलच्या दुप्पट वॅट कॉइलमध्ये ओततो. कॉइल तापते, जळका वास येतो, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) हलका दाबला तर आत घासतो. अशी कॉइल पाहिली की कारण आम्हाला लगेच कळतं.

मग आवाज वाढवल्यावर बास कमी का होतो? तुमचा कान बरोबर सांगतो. दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ व्हॉल्यूम वाढेल तसा बास आपोआप कापतात. आपण सबवूफरसाठी सिग्नल त्याच स्पीकरच्या वायरमधून घेतो, म्हणून तोही कापलेलाच मिळतो. स्टिरिओने जे पाठवलंच नाही, ते गेन कुठून आणणार? गेन वाढवला तर हळू आवाजात डिकी घुमते, मोठ्या आवाजात बास पुन्हा गायब, आणि मधल्या टप्प्यात सबवूफर जळायला लागतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे कापलेला बास परत उभा करणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र). तो प्रत्येक गाडीला लागतो असं नाही. कमी आणि जास्त व्हॉल्यूमला स्टिरिओ काय पाठवतो ते आम्ही आधी मोजतो. बास कापला जात नसेल तर स्पीकरचा सिग्नल अँपला चालेल इतका कमी करणारा साधा कन्व्हर्टर पुरतो. अँपला हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरची वायर थेट जोडायची सोय, असेल तर तोही लागत नाही, आणि आम्ही तो तुमच्या गळ्यात मारत नाही.

"दोन वायरी जोडायला एवढा वेळ?" असं विचारलं जातं. वेळ मोजण्यात जातो. स्टिरिओ कुठल्या व्हॉल्यूमपर्यंत स्वच्छ वाजतो ते आधी शोधतो. मग बास बूस्ट बंद करून, सबवूफर सोडवून, ५० हर्ट्झचा सूर लावून गेन ठरवतो. ३०० वॅटचा अँप आणि ४ ओहमचा सबवूफर असेल तर अँपच्या आउटपुटला साधारण ३४.६ व्होल्ट मिळाले की थांबायचं. नंतर नॉबवर रंगाचा ठिपका देतो. तो ठिपका हललेला असेल तर जळालेली कॉइल वॉरंटीत बदलून मिळत नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात, पण नॉब आमच्या हातून फिरला की तुमच्या, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

वायरिंगबद्दल थोडक्यात. बाहेरून आणलेल्या किटमध्ये बऱ्याचदा वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असतं, आणि जाडी नुसत्या प्लॅस्टिकची. ती वायर आम्ही वापरत नाही. शुद्ध तांब्याचीच टाकतो. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लागतो, कारण तो वायर वाचवण्यासाठी असतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते. अर्थिंगसाठी रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्ट घेतो. सीट बेल्टच्या बोल्टवर ते कधीच घेत नाही, मग तो कितीही सोयीचा दिसू दे. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा किंवा सिग्नलच्या वायरचा असतो. आम्ही बसवलेल्या कामात तो निघाला तर दुरुस्ती मोफत.

बास कमी वाटला तर काहीही न फिरवता गाडी घेऊन या. तपासणीचे पैसे लागत नाहीत. ज्या गाण्यांत बास कमी वाटतो ती फोनमध्ये घ्या, आणि येण्याआधी डिकी रिकामी करा.