टंगस्टनवर हायड्रोजनने येतात ते फोड, हेलियमने येतो तो फझ

सोलापुरात एमएससी फिजिक्सच्या पोरांशी फ्यूजनवर, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्यावर, बोलणं निघालं की एक घोळ हमखास दिसतो, प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) लागून टंगस्टन खराब होतं एवढं माहीत असतं आणि मग हायड्रोजनचे फोड काय न् हेलियमचा फझ (पृष्ठभागावर उगवणारे बारीक तंतू) काय, सगळं एकच धरतात. तसं नाही ओ.

टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन रिअ‍ॅक्टरच्या डायव्हर्टरला, म्हणजे जिथं प्लाझ्माचा सगळ्यात जास्त मार बसतो तिथं, तेच लावतात. पण त्यात हायड्रोजन जवळजवळ विरघळतच नाही. मारा चालूच राहिला की अणू बळजबरीनं आत शिरतात, ग्रेन बाउंड्रीला (धातूच्या कणांमधल्या सीमेवर) किंवा अणूंच्या जाळीतल्या रिकाम्या जागेत अडकतात, तिथं गॅस साठून प्रेशर वाढतं आणि वरचा थर फुगतो. येऊन आदळणाऱ्या आयनमध्ये, म्हणजे भारित अणूमध्ये, टंगस्टनचा अणू जागचा हलवायची ताकद नसली तरी हे होतं, मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पृष्ठभाग पाच-सहाशे अंशांच्या वर गेला की हायड्रोजन निसटून जातो आणि फोड बहुतेक थांबतातच.

हेलियमचं उलटं. ड्युटेरियम-ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचीच जड रूपं, हे फ्यूजनचं इंधन जळल्यावर उरणारी राख म्हणजे हेलियम, तो टंगस्टनशी बाँड करत नाही, आपसातच गठ्ठा करतो आणि गठ्ठा वाढला की शेजारचा टंगस्टनचा अणू ढकलून स्वतःसाठी जागा करतो. असे बुडबुडे वाढत जाऊन साधारण ७०० ते १७०० अंशांत पृष्ठभागावर नॅनोमीटर जाडीचे तंतू उगवतात, आपल्याकडच्या टेरी टॉवेलवर धागे उभे असतात तसे, फक्त एकमेकांत गुंतलेले, आणि चकचकीत धातू पार काळा पडतो. २००६ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी हे दाखवलं.

काळजीही वेगवेगळी. हायड्रोजन अडकतो म्हणजे किरणोत्सारी ट्रिटियमही अडकणार, त्याचा हिशोब लागायलाच पाहिजे. फझमधून उष्णता नीट खाली जात नाही, शिवाय तो तुटून प्लाझ्मात पडला तर टंगस्टनसारखा जड अणू प्लाझ्माच थंड करतो.

म्हणजे फोड नकोत म्हणून भिंत तापवत नेली तर फझच्या तापमानात जाऊन पडतो आपण. त्यात रिअ‍ॅक्टरमध्ये दोन्ही एकदमच येतात, आणि ड्युटेरियममध्ये थोडा हेलियम मिसळला तरी वरच्या थरातले हेलियमचे बुडबुडे हायड्रोजनला खोल जाऊ देत नाहीत, फोड कमी होतात, तेव्हा नुसत्या हायड्रोजनवर केलेल्या प्रयोगाचे आकडे रिअ‍ॅक्टरला जसेच्या तसे लावता येत नाहीत.