किती, आणि त्यांत कशी किती : मोजणीतल्या संख्याकुलांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कोरडवाहू शेतात सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेण्याची रीत आहे. सोयाबीनच्या तासाला दीड फूट आणि तुरीच्या तासाला तीन फूट जागा धरली, तर साडेसात फुटांच्या पट्ट्यात हे तास किती तऱ्हांनी बसतील? नुसते सोयाबीन घेतले तर 1 तऱ्हा होते. तुरीचा एक तास घेतला तर तो सोयाबीनच्या तीन तासांच्या अलीकडे, पलीकडे किंवा मधे अशा 4 ठिकाणी बसतो, आणि तुरीचे दोन तास घेतले तर उरलेला सोयाबीनचा एक तास 3 जागी ठेवता येतो. एकूण 8. (पेरणारा माणूस अर्थातच हे नकाशे काढत बसत नाही, तो तिफणीमागे सरता बांधतो आणि बैल हाकतो.) पट्टा दीड-दीड फुटांनी वाढवत नेला, तर 1, 2, 3, 5, 8, 13 ही ओळ मिळते, कारण शेवटचा तास सोयाबीनचा असला तर मागे एका मापाने लहान पट्टा उरतो आणि तुरीचा असला तर दोन मापांनी लहान.

ही ओळ फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध असली, तरी ती आपल्याकडे छंदशास्त्रातून आली. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा, म्हणजे वरचे सोयाबीन आणि तूरच. ठरावीक मात्रांची वृत्ते किती, हा प्रश्न विरहांकाने सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान सोडवला आणि 1150च्या सुमारास हेमचंद्राने तोच नियम स्पष्ट शब्दांत मांडला. फिबोनाचीचे सशांचे गणित 1202 सालचे आहे, आणि या संख्यांना त्याचे नाव रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती ल्यूका याच्यामुळे.

तथापि, नाव कोणाचे या वादापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते 8 या उत्तराचे 1, 4, 3 असे फुटणे. ‘किती?’ या पहिल्या प्रश्नापाठोपाठ ‘त्यांत कशी किती?’ हा दुसरा प्रश्न येतो, आणि या विषयातल्या बहुतेक बहुपदी त्या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे एकत्र बांधून ठेवण्यासाठी आहेत. तुरीच्या प्रत्येक तासामागे एक x लिहिला, तर आपला पट्टा 1 + 4x + 3x² असा लिहिता येतो. x च्या जागी 1 घातला की पुन्हा 8. पिंगलाच्या छंदःशास्त्रात हे दोन्ही प्रश्न आधीच वेगळे केलेले आहेत : एवढ्या अक्षरांची वृत्ते एकूण किती, आणि त्यांपैकी इतके गुरू असलेली किती. दुसऱ्याचे उत्तर देणारा मेरुप्रस्तार, म्हणजे ओळीओळीने रुंदावत जाणारा आकड्यांचा त्रिकोण, दहाव्या शतकात हलायुधाने आपल्या टीकेत उलगडून सांगितला. तोच त्रिकोण चीनमध्ये गणिती जिया श्यानला माहीत होता, आणि फ्रेंच गणिती पास्कालचा त्यावरील ग्रंथ 1665 साली छापला गेला. आपले 1, 4, 3 हे आकडेही त्या मेरूच्या तिरप्या ओळीवरचेच आहेत.

चौदाव्या शतकात हा विचार वृत्तांच्या बाहेर पडला. नारायण पंडिताने 1356 साली ‘गणितकौमुदी’त गाईचे एक उदाहरण दिले : गाय दरवर्षी एक कालवड देते आणि ती कालवड तीन वर्षांची झाल्यावर तीही दरवर्षी व्यायला लागते, तर वीस वर्षांनी गोधन किती? एका वर्षाची संख्या म्हणजे मागच्या वर्षाची संख्या अधिक तीन वर्षांपूर्वीची संख्या, या नियमाने 1, 2, 3, 4, 6, 9, 13 असे चढत मूळ गाईसह 2745 हे उत्तर येते. आमच्याकडच्या गायक्याला, म्हणजे गुराख्याला, हे उदाहरण सांगितले, तर तो आधी विचारेल की एकही गोऱ्हा झाला नाही, एकही जनावर दगावले नाही, असे कोणते गाव? पण आधीच्या ठरावीक पदांची बेरीज करून पुढचे पद काढण्याची रीत नारायणाने सर्वसाधारण रूपात मांडली, हे त्याचे मोठेपण आहे.

युरोपात अठराव्या शतकात जी संख्याकुले, म्हणजे एकेका नियमाने बांधलेल्या संख्यांच्या ओळी, दिसली, ती बरीचशी मोजणीतून आलीच नव्हती. स्कॉटिश गणिती स्टर्लिंगने 1730 साली आपल्या संख्या दिल्या त्या श्रेढींच्या आकडेमोडीसाठी. वस्तूंचे गट पाडण्याशी त्यांचा संबंध नंतर उमगला आणि स्टर्लिंगचे नाव त्यांना 1906मध्ये डॅनिश गणिती नील्सेनने दिले. निंदणाला आलेल्या पाच बायांचे गट पाडायचे, गट कितीही असोत, तर एका गटाची 1, दोन गटांच्या 15, तीन गटांच्या 25, चार गटांच्या 10 आणि पाच गटांची 1 अशी विभागणी होते. हे स्टर्लिंगचे आकडे, आणि त्यांची बेरीज 52 ही बेल संख्या. जपानात धूप ओळखण्याच्या गेंजी-को खेळात पाच वासांपैकी कोणते सारखे हे दाखवणाऱ्या आकृत्याही 52च आहेत. रामानुजनने आपल्या वहीत या संख्यांवर काम केले होते. ज्याचे नाव त्यांना मिळाले त्या गणिती बेलचे त्या विषयावरचे लेख 1934चे.

स्विस गणिती ऑयलरच्या बहुपदींची गोष्टही अशीच आहे. 1755च्या ग्रंथात घातांच्या एकाआड एक चिन्ह बदलणाऱ्या बेरजा करताना त्याला 1 + x, मग 1 + 4x + x², मग 1 + 11x + 11x² + x³ अशा बहुपदी मिळाल्या. त्यांचा मोजणीतला अर्थ पोळ्याच्या तोरणाखाली दिसू शकतो : वेगवेगळ्या उंचीचे तीन बैल एका रांगेत उभे करण्याच्या 6 तऱ्हांपैकी उंची कुठेही न उतरणारी 1, एकदा उतरणाऱ्या 4 आणि दोनदा उतरणारी 1. हा अर्थ ऑयलरच्या पुस्तकात नाही. 1879 साली फ्रेंच गणिती आंद्रे याने उंची आळीपाळीने चढ-उतार होणाऱ्या रांगा मोजल्या आणि त्यांचे आकडे त्रिकोणमितीतल्या सेक आणि टॅन यांच्या श्रेढींत सापडले, तेव्हापासून अशा जुन्या सहगुणकांमागे (x च्या घातांपुढच्या आकड्यांमागे) मोजणी शोधण्याला जोर आला असे म्हणता येते.

काटालान संख्या मात्र सुरुवातीपासून मोजणीच्याच होत्या. 4 सप्टेंबर 1751 रोजी ऑयलरने आपला गणिती मित्र गोल्डबाख याला लिहिलेल्या पत्रात बहुभुजाचे कर्णांनी त्रिकोण पाडण्याच्या तऱ्हा मोजल्या. त्याआधी चीनमध्ये मिंग आंतू याला वेगळ्याच गणितात याच संख्या भेटल्या होत्या. काटालानचा लेख 1838चा. 1, 2, 5, 14, 42 ही ती ओळ. धान्याचे चार कट्टे (पोती) एकेक करून घरात येतात, एकावर एक रचले जातात आणि उचलायचा तो फक्त वरचाच, तर रचण्या-उचलण्याचे क्रम 14 होतात. इथेही दुसरा प्रश्न विचारता येतो : रचता रचता उचलायला किती वेळा वळावे लागले? चारही रचून मग चारही उचलले तर एकदाच, आणि तो क्रम 1. दोनदा वळण्याचे 6, तीनदा वळण्याचे 6, आणि प्रत्येक कट्टा येताच उचलला तर चारदा, तो क्रम 1. या 1, 6, 6, 1 ला नारायण संख्या म्हणतात. गाईंच्या ओळीलाही इंटरनेटवर नारायणाचेच नाव असते, त्यामुळे शोधणाऱ्याचा हमखास घोळ होतो. कट्ट्यांचे आकडे ज्यांच्या नावाने आहेत ते नारायण पंडित नव्हेत, तर कॅनडात प्राध्यापक असलेले ताडेपल्ली वेंकट नारायण, आणि त्यांचा लेख 1955 सालचा आहे.