कोरड्या उन्हाळ्यात हरणांसाठी पेरणी: अमेरिकेतील ‘फूड प्लॉट’ची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत जून महिन्यात पाइनच्या जंगलाला लागून कधी कधी दोन-तीन एकरांचा चवळीचा तुकडा दिसतो. तिच्या शेंगा तोडायला कोणी येत नाही, दाणेही बाजारात जात नाहीत. पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी पाला खावा एवढ्यासाठीच ती पेरलेली असते. अशा तुकड्याला तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. शरदात पेरलेला प्लॉट शिकारीच्या हंगामात हरणे समोर यावीत म्हणून असतो. उन्हाळी प्लॉट उगवतो तेव्हा मुख्य हंगाम लांब असतो आणि त्याच्याकडून हवा असतो तो फक्त चारा. नेमका याच दिवसांत पाऊस कधी कधी ओढ देतो. अशा कोरड्या दिवसांत रानातल्या जनावरासाठी पेरायचे ही कल्पना कुठून आली, हे पाहू लागलो की एक गोष्ट वारंवार दिसते. चर्चा बियाण्याची होते. पीक मात्र तगते ते जमिनीतल्या ओलीवर आणि खाणाऱ्या तोंडांच्या संख्येवर.

आधी हरणाचे वर्ष समजून घ्यायला हवे. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्टचा, दक्षिणेत तो सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो. उत्तरेकडे माद्या मेअखेर ते जूनमध्ये वितात. अलाबामा-मिसिसिपीच्या बऱ्याच भागांत आणि दक्षिण टेक्ससमध्ये पाडसे जुलै-ऑगस्टमध्ये जन्मतात. विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मादीच्या अंगावर दुधाचा सगळ्यात मोठा भार असतो. नरांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि वसंतापासून ऑगस्टपर्यंत पुन्हा वाढतात. वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, आत रक्त खेळत असते, आणि या हाडाला लागणारे कॅल्शियम-फॉस्फरस अन्नातून पुरले नाही तर नर ते स्वतःच्या बरगड्यांतून काढून घेतो. म्हणजे दूध आणि शिंगे या दोन्हींची मागणी एकाच वेळी, तीही रानपाला जून होऊन चिवट होत असताना. हरीण गायीसारखे गवतावर जगत नाही. त्याचे जठर अंगमानाने लहान असते. कोवळी पाने, रुंद पानांची तणे, शेंडे, कळ्या असे वेचून खाणारे ते जनावर. म्हणून माळभर गवत वाळून उभे असले तरी हरीण उपाशी राहू शकते.

या भुकेवर माणसाने केलेला पहिला उपाय पेरणीचा नव्हता, आगीचा होता. युरोपीय लोक येण्यापूर्वी अनेक आदिवासी समाज जंगलातले झाडोऱ्याचे पट्टे ठरवून जाळत. जळालेल्या जागी कोवळा पाला फुटे आणि हरणे तिकडे वळत. त्या काळी पांढऱ्या शेपटीची हरणे दोन कोटींहून अधिक होती, असा अंदाज केला जातो. पुढे कातडीचा व्यापार आला. अठराव्या शतकात चार्ल्सटनसारख्या बंदरांतून हरणांची कातडी जहाजे भरून युरोपात जात होती. मग मांसासाठीची बाजारू शिकार आणि जंगलतोड. १९०० च्या सुमारास सगळ्या देशात मिळून जेमतेम पाच लाख हरणे उरली असावीत, कदाचित त्याहूनही कमी. त्याच वर्षी आलेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी वाहतूक गुन्हा ठरवली. तेव्हा हरणांसाठी काही पेरावे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पेरायचे तर खायला हरणे कुठे होती?

फूड प्लॉटचे मूळ हरणात नाहीच, ते एका लहान पक्ष्यात आहे. जॉर्जियातील थॉमसव्हिल आणि फ्लोरिडातील टॅलाहासी यांच्या दरम्यानच्या इस्टेटींवर बॉबव्हाइट जातीच्या लावा पक्ष्यांची शिकार चाले. हे पक्षी का घटताहेत याचा शोध घेण्याचे काम १९२४ मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड यांच्याकडे आले. त्यांनी दोन गोष्टी पटवून दिल्या: पाइनच्या जंगलात ठरावीक अंतराने आग हवी, आणि मधूनमधून दाण्याचे छोटे तुकडे ठेवता येतात. चवळी, लेस्पेडेझा यांसारखी द्विदल पिके या तुकड्यांत असत. जवळपास त्याच काळात विस्कॉन्सिनमध्ये वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड सांगत होते की ज्या कुऱ्हाडीने, नांगराने आणि आगीने वन्यप्राणी नाहीसे केले, तीच साधने समजून वापरली तर ते परतही आणता येतील. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाचे स्वतंत्र अध्यापकपद निर्माण झाले. नांगराचा उपयोग रानासाठी करण्याचा विचार पहिल्यांदा शास्त्र म्हणून शिकवला जाऊ लागला तो इथून.

त्याच दशकात अमेरिकेच्या मध्य भागातल्या मैदानांतली माती उडत होती. नांगरून उघडी केलेली जमीन आणि सलग अवर्षण यांतून ‘डस्ट बोल’ झाला, १९३५ मध्ये मृद्‌संधारण सेवा स्थापन झाली, आणि बांध, गवताचे पट्टे, द्विदलांची फेरपालट या गोष्टी सरकारी कामाचा भाग झाल्या. उन्हाळी प्लॉट पेरणाऱ्याला आज जे पुन्हा शिकावे लागते, ते या धुळीत आधीच लिहून ठेवलेले होते: कोरड्या हंगामात नांगरलेली जमीन ओल गमावते. पण हा धडा हरणांच्या प्लॉटपर्यंत पोचायला पुढची चाळीस-पन्नास वर्षे लागली.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. त्या पैशातून राखीव क्षेत्रे घेतली गेली, हरणे पकडून जिथे ती संपली होती तिथे सोडली गेली. नंतर आणखी एक मदत अनपेक्षित बाजूने आली. स्क्रूवर्म नावाची माशी नवजात पाडसाच्या ओल्या नाळेवर अंडी घालायची आणि अळ्या जिवंत मांस खायच्या. वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडून ही माशी १९५० आणि १९६० च्या दशकांत आग्नेय राज्यांतून आणि पुढे टेक्ससमधून हटवली गेली. गुरांसाठी केलेल्या या मोहिमेने हरणांची लाखो पाडसे वाचवली. हरणे परत आली. शतक संपेपर्यंत त्यांची संख्या पुन्हा कोटींमध्ये मोजली जाऊ लागली.

आणि तोंडे वाढली. हा प्रश्न विस्कॉन्सिनने आधीच भोगला होता. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथे हिवाळ्यात भुकेली हरणे मरत होती, लोक कळवळून गवताच्या गंजी टाकत होते, आणि पोटात गवत असूनही हरणे मरत होती, कारण त्यांच्या जठरातले सूक्ष्मजीव ते पचवायला तयारच नव्हते. १९४३ मध्ये माद्या मारायला परवानगी दिली तेव्हा लोक ती मागणाऱ्या लिओपोल्ड यांच्यावर तुटून पडले. लिओपोल्ड यांचे म्हणणे बरोबर होते असे मला वाटते. चारा वाढवणे आणि संख्या आटोक्यात ठेवणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, आणि पहिल्याच टोकाला धरून बसले की दुष्काळ दुसरे टोक स्वतःच ओढतो.

टेक्ससमध्ये त्याने ते ओढलेच. १९५० ते १९५७ या सात वर्षांच्या अवर्षणात राज्याच्या २५४ पैकी २४४ काउंट्या आपत्तिग्रस्त जाहीर झाल्या. मेंढ्या, शेळ्या आणि गुरांनी आधीच खरवडून काढलेल्या एडवर्ड्स पठारावर हरणेही भुकेने मेली. याच पठारावर १९५० मध्ये राज्याने घेतलेल्या केर वन्यजीव क्षेत्रात पुढे, १९७४ पासून, कुंपणातल्या हरणांवर आहाराचे प्रयोग झाले. काही नरांना १६ टक्के प्रथिनांचा खुराक, काहींना ८ टक्क्यांचा. दोन्ही गटांच्या शिंगांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडला. उन्हाळ्यातल्या प्रथिनांना आकडा मिळाला तो असा, आणि पुढच्या सगळ्या बियाणे-जाहिरातींत हाच आकडा फिरत राहिला.

१९७५ मध्ये अल ब्रदर्स आणि मर्फी रे या टेक्ससच्या जीवशास्त्रज्ञांनी नवी मांडणी केली: कोवळे नर सोडा, माद्या पुरेशा मारा, आणि रान सुधारा. १९८८ मध्ये दक्षिण कॅरोलिनात जो हॅमिल्टन यांनी याच विचाराची संघटना उभारली. त्याच वर्षी अलाबामात रे स्कॉट यांनी हरणांसाठीच खास क्लोव्हर विकायला सुरुवात केली. त्यामागे ऑबर्न विद्यापीठातल्या वनस्पती-पैदासकाराचे काम होते. आणि तेच १९८८ देशातल्या मोठ्या दुष्काळांपैकी एकाचे वर्ष. क्लोव्हर हे थंडीचे द्विदल चारापीक. शरदात आणि वसंतात ते हिरवेगार असते, पण दक्षिणेच्या जुलैत त्याची वाढ थांबते आणि पाने करपतात. दूध आणि शिंगे यांची मागणी शिगेला असतानाच प्लॉट रिकामा. ही पोकळी भरायला उष्ण हंगामाची द्विदले आली.

त्यांतली पहिली चवळी. ती मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत आली आणि दक्षिणेच्या हलक्या, तापट जमिनीत रुजली. गुरांचा चारा आणि जमिनीला नत्र देणारे पीक म्हणून तिची शिफारस अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली होती. हरणांच्या प्लॉटमध्ये आजही जी ‘आयर्न अँड क्ले’ चवळी पेरली जाते, तिच्यातले ‘आयर्न’ वाण त्याच सुमारास सूत्रकृमी आणि मर रोगाला दाद न देणारे म्हणून दक्षिण कॅरोलिनात लक्षात आले. म्हणजे हे ‘हरणांचे बियाणे’ हरणांच्या बाजाराहून पाऊणशेहून अधिक वर्षांनी जुने आहे.

दुसरा लॅबलॅब, म्हणजे आपला वाल. केनियातल्या रोंगाईहून गेलेले वाण ऑस्ट्रेलियाने १९६२ मध्ये चाऱ्यासाठी प्रसारित केले. एकदा मूळ खोल गेले की हा वेल कोरडीत चवळीहून अधिक तग धरतो आणि खाल्ल्यावर पुन्हा फुटतो. अडचण अशी की रोंगाई उशिरा फुलते, अमेरिकेत बी धरण्याआधीच थंडी येते. त्यामुळे बी बाहेरून आणावे लागे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने ओव्हर्टन केंद्रात लवकर फुलणारे ‘रिओ व्हर्दे’ वाण काढून २००६ मध्ये दिले, तेव्हा टेक्ससमध्येच बियाणे तयार होण्याची वाट उघडली. याशिवाय सोयाबीन, जॉइंटव्हेच नावाचे द्विदल, सूर्यफूल. कुट्टू (बकव्हीट) चार-पाच दिवसांत उगवतो, पण महिना-दीड महिन्यात फुलावर येऊन संपतो. वेलांना चढायला आणि कोवळ्या रोपांना आडोसा द्यायला ज्वारीची विरळ ओळ टाकतात.

इतके असूनही कोरड्या वर्षी हे प्लॉट मरतात, आणि बहुतेक वेळा दोनच कारणांनी. पहिले ओलीचे. वापसा नसताना धुळीत पेरले, वरून एक सर आली, बी फुगले, कोंब निघाला आणि पुढचे तीन आठवडे उघडीप. मग दुबार पेरणी. यावरचा उपाय बियाण्याच्या पिशवीत नव्हता, तो शेतीतून आला. १९६२ मध्ये केंटकीत हॅरी यंग यांनी एक एकराहून लहान तुकडा न नांगरता पेरून दाखवला. १९७४ मध्ये ग्लायफोसेट बाजारात आले, तणासाठी नांगरण्याची गरज कमी झाली आणि विनानांगरणी पेरणी पसरली. प्लॉट पेरणाऱ्यांनी ती उशिरा उचलली. आता जाणकार माणूस शरदातली राय (गव्हासारखे तृणधान्य) आणि क्रिमसन क्लोव्हर वसंतात उभीच ठेवतो, त्यांच्यात चवळी पेरतो आणि वरचे पीक आडवे करतो. त्या पेंढ्याच्या चटईखाली हात घातला तर जुलैच्या दुपारीही माती गार आणि ओलसर लागते. हातभर अंतरावरच्या उघड्या जमिनीला भेगा गेलेल्या असतात. पेरणीही लवकर, थंडीची भीती संपून माती तापू लागताच, म्हणजे कडक ऊन येईपर्यंत मूळ खाली गेलेले असते.

दुसरे कारण तोंडांचे. चवळीचे रोप दोन पानांवर असताना शेंडा खाल्ला गेला की बहुधा ते परत उठत नाही. दुष्काळात भोवतालचे रान करपलेले असते, आणि एक-दीड एकराचा हिरवा तुकडा हरणे आठवड्याभरात सपाट करतात. म्हणून मोठे क्षेत्र पेरतात, नाहीतर पहिले पाच-सहा आठवडे विजेचे कुंपण लावतात. पश्चिमेकडच्या अगदी कमी पावसाच्या टेक्ससमध्ये अनेकांनी पेरणीचा नादच सोडून प्रथिनांच्या गोळ्यांची भांडी ठेवली. पण १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आलेला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनला पोचलेला क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग लाळेतूनही पसरतो. एका भांड्यात अनेक तोंडे जाणे त्यामुळे धोक्याचे ठरले आणि काही राज्यांनी आयता चारा टाकण्यावर बंधने आणली. पसरून उगवलेले पीक बहुतेक नियमांत वेगळे धरले गेले. तरी हरणे एका जागी गोळा होतातच, हे विसरून चालत नाही. २०१२ सारख्या कोरड्या वर्षी तर आटत्या डबक्यांच्या चिखलात वाढणाऱ्या चिलटांनी रक्तस्रावी ज्वर पसरवला आणि पाण्याकाठी हरणे मरून पडली. तिथे कोणतीच चवळी कामी येणार नव्हती.

अलीकडे टेनेसीसारख्या विद्यापीठांतले अभ्यासक पुन्हा जुन्या रानाकडे बोट दाखवतात. पडीक शेताचा काही भाग आलटून पालटून जाळला की रॅगवीड, पोकवीड, ग्रीनब्रायर अशी तिकडची रानझाडे आपोआप येतात. कोवळ्या रॅगवीडमधले प्रथिन पेरलेल्या द्विदलांच्या जवळ जाते, आणि या मातीतली ही झाडे कोरड्याला सरावलेली असतात. स्टॉडर्ड यांची आग अशी शंभर वर्षांनी हरणांच्या कामाला आली. माझ्या मते उन्हाळी प्लॉटला खरी साथ इथेच आहे: रानात खायला असेल तर प्लॉटवरची तोंडे वाटली जातात.

ती किती आहेत हे मोजायला लोक प्लॉटमध्ये जाळीचा गोल पिंजरा रोवतात, हात पसरला तर मावेल एवढा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडते. त्यामुळे बाहेरच्या खोडांची टोके चिंधीसारखी फाटलेली दिसतात. सशाने कुरतडलेले टोक सुरीने कापल्यासारखे तिरपे आणि स्वच्छ असते. पाऊस नसलेल्या ऑगस्टमध्ये पिंजऱ्यातली चवळी गुडघाभर आणि बाहेर बोटभर खुंट असले, तर पीक पाण्यावाचून गेलेले नाही. आतही बोटभरच असेल, तर मात्र पाण्यावाचूनच गेले.