डिस्क इमेज घडवण्याची व बसवण्याची कमांड-लाइन साधने

एखाद्या डिस्कवरची कार्यप्रणाली, तिच्यातले प्रोग्राम, सेटिंग आणि बहुधा बूट होण्याची व्यवस्था हे सगळे एकाच फाइलीत बांधून ठेवले की तिला डिस्क इमेज म्हणतात. अशी फाइल तयार करणारे, संगणक सुरू न करता तिच्यात फेरबदल करणारे आणि ती एका किंवा अनेक यंत्रांवर उतरवणारे, आज्ञा टाइप करून चालणारे प्रोग्राम या नोंदीत येतात. जळगाव-धुळ्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत या कामाला ‘इमेज मारणे’ म्हणतात. जुना माणूस असेल तर ‘घोस्ट मारणे’ म्हणतो. घोस्ट हा न्यूझीलंडच्या बायनरी रिसर्चने १९९५ च्या सुमारास काढलेला प्रोग्राम. १९९८ मध्ये तो सिमँटेककडे गेला आणि पुढे त्याची घरगुती आवृत्ती बंदही झाली, पण शब्द मागे राहिला.

खानदेशाला ही कल्पना मुळात परकी नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पूर्वी कंद लावत, आता टिश्यू कल्चरची ग्रँड नैनची रोपे लावतात. एका मातृझाडाच्या या हुबेहूब प्रती. म्हणून बाग एकदम निसवते, घड एकदम कापणीला येतात. आणि मूळ झाडात विषाणू असेल तर तोही एकदमच सगळ्या वावरात पोचतो. कॉलेजच्या लॅबमधल्या तीस संगणकांवर एक इमेज उतरवणे हा याच जातीचा प्रकार आहे. त्याचे फायदे आणि धोकेही तेच.

या घराण्यातला सर्वांत जुना प्रोग्राम ‘डीडी’. तो १९७० च्या दशकातल्या युनिक्समधला, आणि त्याची आज्ञा लिहिण्याची पद्धत युनिक्सच्या बाकीच्या आज्ञांपेक्षा वेगळी, आयबीएमच्या जुन्या जॉब कंट्रोल भाषेच्या वळणाची. ‘इफ’ म्हणजे कुठून वाचायचे, ‘ऑफ’ म्हणजे कुठे लिहायचे. डीडीला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सरळ उतरवतो, रिकामी जागासुद्धा. त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर ३० जीबीच भरलेले असले तरी तो पूर्ण ५०० जीबी वाचतो. शिवाय तो काही विचारत नाही. एसडीबी (लिनक्समधले दुसऱ्या डिस्कचे नाव) लिहायचे तिथे एसडीए (पहिलीचे) लिहिले गेले तर पेनड्राइव्हऐवजी स्वतःच्याच संगणकाची डिस्क पुसली जाते. त्याचे ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ हे टोपणनाव थट्टेतले असले तरी खोटे नाही. एंटर दाबण्याआधी ‘एलएसबीएलके’ ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा चालवून डिस्कचा आकार डोळ्यांनी पाहावा. नावापेक्षा आकडा जास्त विश्वासाचा.

रिकामी जागा टाळण्याचे काम ‘पार्टक्लोन’ करतो. तो फाइल प्रणालीचा नकाशा वाचतो आणि वापरातले ब्लॉक तेवढे उचलतो. त्याच्याभोवती बांधलेले क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय उच्च-कार्यक्षमता संगणन केंद्राचे काम. त्याची एक अट मात्र लॅबमध्ये हमखास आडवी येते: ज्या डिस्कवर उतरवायचे ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. मूळ प्रत सर्वांत लहान डिस्कच्या यंत्रावर घडवली की ही अडचण उरत नाही.

विंडोजची वाट निराळी आहे. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ‘विम’ हे फाइलवार साठवण करणारे स्वरूप आणले. त्यात एकच फाइल दहा ठिकाणी असली तरी साठते एकदाच, आणि एका विममध्ये अनेक आवृत्त्या क्रमांकाने राहतात. तिच्यावर काम करणारे ‘डिस्म’ हे साधन २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आले आणि आधीची इमेजएक्स वगैरे सुटी साधने त्याने हळूहळू पोटात घेतली. डिस्मने विम एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची, म्हणजे आतल्या फाइली दिसतील अशी जोडायची, ड्रायव्हर आणि अपडेट आत घालायचे, मग ‘कमिट’ (बदल जपा) सांगून अनमाउंट करायची. कमिटऐवजी ‘डिस्कार्ड’ म्हटले की दुपारभराची मेहनत गेली. उतरवताना ‘अप्लाय-इमेज’ आणि त्यानंतर बूट होण्याच्या फाइली बसवणारे ‘बीसीडीबूट’. हे दुसरे पाऊल विसरले तर सगळ्या फाइली जागेवर असूनही संगणक सुरू होत नाही. फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही, म्हणून डिस्मच्याच ‘स्प्लिट-इमेज’ने विमचे तुकडे करतात. लिनक्सवर बसून विम हाताळायची असेल तर ‘विमलिब’ आहे.

लिनक्सच्या इमेजमध्ये बदल करण्याचे दोन रस्ते. पहिला हाताचा: ‘लॉसेटअप’ने इमेज फाइलला डिस्कचे सोंग द्यायचे, भाग माउंट करायचे आणि ‘सीएचरूट’ने आत शिरायचे. रास्पबेरी पाय या वेगळ्या जातीचा प्रोसेसर असलेल्या छोट्या संगणकाची इमेज साध्या इंटेल संगणकावर अशी उघडायची असेल तर मधे क्यूईएमयूचा दुभाषा लागतो. दुसरा रस्ता लिबगेस्टएफएस या संचाचा. त्यातल्या ‘व्हर्ट-कस्टमाइझ’ला एका ओळीत पॅकेज, यजमाननाव, पासवर्ड आणि पहिल्या बूटला चालवायची स्क्रिप्ट सांगता येते. मात्र चालू असलेल्या आभासी यंत्राच्या (संगणकात चालणाऱ्या सोंगाच्या संगणकाच्या) डिस्कवर तो वापरला तर डिस्क बिघडते. आकार आणि स्वरूप बदलायला ‘क्यूईएमयू-आयएमजी’ आहे.

खरे कौशल्य प्रत काढण्यात कमी आणि प्रत काढण्याआधी मूळ यंत्राची ओळख पुसण्यात जास्त लागते. इथेच नवशिके फसतात. प्रत्येक यंत्रात त्याची स्वतःची अशी काही चिन्हे असतात: लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुरून संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीच्या) यजमान किल्ल्या, विंडोजमध्ये सुरक्षा ओळखक्रमांक. ती तशीच इमेजमध्ये गेली तर लक्षणे विचित्र दिसतात. काही लिनक्स वितरणांत डीएचसीपीकडे (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेकडे) जाणारी ओळख मशीन-आयडीवरूनच बनते. मग राउटरला तीसही संगणक एकच वाटतात, तो सगळ्यांना एकच पत्ता देतो, एकाचे इंटरनेट चालले की दुसऱ्याचे जाते, आणि माणूस दिवसभर केबल बदलत बसतो. एसएसएचची किल्ली सगळीकडे एकच असणे त्याहून वाईट, कारण ते दिसतच नाही. लिनक्समध्ये ही सफाई ‘व्हर्ट-सिसप्रेप’ करतो. किल्ल्या, लॉग, आज्ञांचा इतिहास तो काढून टाकतो. विंडोजमध्ये ‘सिसप्रेप’ला ‘जनरलाइझ’ सांगावे लागते. पुढच्या प्रश्नांची उत्तरे ‘अनअटेंड’ फाइलीत आधीच लिहून ठेवली की प्रत्येक यंत्रापुढे बसून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करावे लागत नाही. ओळख पुसण्याआधी संगणकावर वायफायचा पासवर्ड किंवा कुणाचे मेल खाते राहिले आहे का, हे मात्र माणसानेच पाहावे.

वाटपाचे गणित सोपे आहे आणि ते आधी केलेले बरे. २० जीबीची इमेज १०० एमबीपीएसच्या स्विचवरून एका यंत्रावर उतरायला साधारण २७ मिनिटे लागतात. तीस यंत्रे एकामागून एक घेतली तर तेरा तासांवर. यावर उतारा मल्टिकास्ट: ‘यूडीपीकास्ट’ एकदाच पाठवतो आणि सगळी यंत्रे एकाच वेळी ऐकतात, कीर्तनासारखी. फक्त वेग सर्वांत मंद श्रोत्याचा. यंत्रे पेनड्राइव्हशिवाय नेटवर्कवरून उठवायची असतील तर पीएक्सई ही नेटवर्कवरून बूट होण्याची सोय लागते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात १५ ऑगस्ट १९९० रोजी सुरू झाले, आणि जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे जोडलेली आहेत. अशा लॅबमध्ये कमांड-लाइनचे महत्त्व वेगापेक्षा नोंदीसाठी आहे. खिडक्यांत केलेल्या क्लिक कुणाला आठवत नाहीत. स्क्रिप्ट मात्र बदली झालेल्या माणसामागेही राहते, आणि पुढचा माणूस ती वाचून तसेच पुन्हा करू शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून जुन्या यंत्रांपुढे लिनक्सच्या इमेजचा पर्याय उभा राहतो. सी-डॅकची बॉस ही कार्यप्रणाली त्यातलीच एक.

मराठीची सोय इमेजमध्येच करावी, नंतर यंत्रागणिक नको. लिनक्समध्ये ‘एमआर_आयएन’ लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग), देवनागरी फॉन्ट (लोहित किंवा नोटो) आणि कळफलक एवढे पुरते. कळफलकाचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही: टंकलेखन वर्गातून आलेल्या मुलांची बोटे रेमिंग्टनवर बसलेली असतात आणि प्रणाली इनस्क्रिप्ट पुढे करते. दोन्ही ठेवावेत. अहिराणीला आयएसओच्या यादीत ‘एएचआर’ असा स्वतंत्र संकेत आहे. लिपी देवनागरीच असल्याने तिला वेगळा फॉन्ट लागत नाही.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, इमेज नेटवरून उतरवण्यापेक्षा सोबत नेणे शहाणपणाचे. लिहिताना वीज गेली तर अर्धवट डिस्क बूट होत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निघण्याआधी फाइलीचा ठसा काढणारी ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा चालवून येणारी ६४ अक्षरे कागदावर उतरवून घेतात आणि वर पोचल्यावर ताडून पाहतात. एक अक्षर जरी जुळले नाही तरी फाइल बाद. तोरणमाळचा घाट चढून गेल्यावर हे कळले तर परत शहाद्याला उतरावे लागते, म्हणून जाणता माणूस पेनड्राइव्ह दोन नेतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपनीचे.