कांदेपोहे आणि मनाचा आजार

कांदेपोहे म्हणजे स्थळ बघायचा कार्यक्रम. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला की मुलाकडचे चार-पाच जण मुलीच्या घरी येतात, पोहे-चहा होतो, मग ‘तुम्हाला एकमेकांना काही विचारायचं असेल तर बोला’ म्हणून दोघांना गच्चीत नाहीतर आतल्या खोलीत दहा मिनिटं सोडतात आणि तेवढ्यावर जन्माचं ठरतं. पदार्थाचं नाव कार्यक्रमाला पडलं ते बहुधा विसाव्या शतकात, शहरी मध्यमवर्गात. जुन्या वळणाच्या घरांत कांदेनवमीनंतर चातुर्मासभर कांदा बंद, पण लग्नाचा सीझन तुळशीच्या लग्नानंतरचा, त्यामुळे बघायच्या दिवसांत पोह्यांत कांदा पडायला अडचण नव्हती. आता दोघं आधी बाहेर कॉफीला भेटतात, बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, बाकी साचा तोच. पद्धत सगळ्यांना माहितीच आहे, म्हणून या नोंदीत एकच बाजू सविस्तर घेतलीय: दोघांपैकी एकाला मनाचा आजार असेल तर तो सांगायचा कधी, कुणी, आणि लपवला तर काय होतं.

हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीत (८.२०५) म्हटलंय की मुलगी उन्मत्त (म्हणजे वेडी) असेल, कुष्ठी असेल किंवा तिचा आधी संबंध आलेला असेल आणि हे दोष बापाने आधीच सांगितले असतील, तर त्याला दंड नाही. पुढे ८.२२४ मध्ये न सांगता दिली तर राजाने ९६ पण (तेव्हाचं नाणं) दंड करावा असं येतं, आणि ९.७३ मध्ये तर असं कन्यादानच रद्द धरायला सांगितलंय. या ग्रंथाचा काळ वादाचा आहे. मनुस्मृतीचे इंग्रजी अनुवादक ब्यूलर आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे आपले पां. वा. काणे दोघंही साधारण इ.स.पू. दुसरं ते इ.स. दुसरं शतक असा मोठा पट्टा धरतात, अलीकडचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल तो अलीकडे ओढून इ.स. दुसरं शतक किंवा थोडं नंतर म्हणतात, आणि ग्रंथाची एकसंध रचना बघता ऑलिव्हेल यांचं म्हणणं जास्त पटतं. काही जण ३.७ चा आधार देऊन ‘शास्त्रातच वेडाचं घराणं टाळायला सांगितलंय’ असं म्हणतात, पण त्या श्लोकात क्षय, अपस्मार, कोड, कुष्ठ वगैरे आहे, उन्माद नाही, आणि अपस्मार म्हणजे फिट येणं, ते वेड नव्हे. मुलाच्या बाजूचं मनूने फार बोललेलं नाही, फक्त ९.७९ मध्ये उन्मत्त नवऱ्याचा तिटकारा करणाऱ्या बायकोला टाकू नये, तिचं धन काढून घेऊ नये एवढं आहे. वराच्या दोषांत ‘उन्मत्त’ सरळ मोजला तो नारदस्मृतीने. म्हणजे दोष असण्यापेक्षा तो लपवण्याला शिक्षा, हे तेव्हाही स्पष्ट होतं, आणि माझ्या मते या सगळ्या वचनांतलं घेण्यासारखं तेवढंच आहे.

आधुनिक कायदा आधी याच्या मागे होता. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या मूळ कलम ५(२) मध्ये सरळ ‘इडियट’ आणि ‘ल्यूनॅटिक’ असे शब्द होते. १९७६ च्या दुरुस्तीत ते जाऊन संमती देता न येणं, लग्नाला आणि मुलं होण्याला अयोग्य ठरवेल इतका मानसिक विकार, आणि वेडाचे किंवा फिटचे वारंवार झटके, असे तीन भाग आले, त्यातलं फिट १९९९ मध्ये वगळलं. याच १९७६ च्या दुरुस्तीने कलम १२ मध्ये समोरच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवणं हे फसवणुकीत धरलं. दावा मात्र फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. घटस्फोटाचं कलम १३ वेगळं. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये सांगितलं की स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मनोविकार) हे नुसतं लेबल पुरत नाही, आजार एवढा आहे का की सोबत राहणं अशक्य व्हावं, हे सिद्ध करावं लागतं, आणि २०१३ मध्ये याच मुद्द्यावर एका नवऱ्याला घटस्फोट नाकारला. उलट दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये आजार लग्नाआधी न सांगितल्यामुळे एक लग्न रद्द केलं. हे निकाल एकत्र वाचले की कळतं, आजारापेक्षा लपवणंच जास्त महागात पडतं.

तरी लपवतात, कारण सांगितलं की स्थळ जातं. शिवाय ‘लग्न करून द्या, आपोआप बरं वाटेल’ हा सल्ला अजून घराघरात दिला जातो. मग गोळ्या स्ट्रिपमधून काढून कॅल्शियमच्या डबीत जातात, किंवा सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या आधीच बंद होतात, आणि बायपोलरमध्ये (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) नेमकं औषध अचानक सोडणं, जागरण आणि ताण एकत्र आले की आजार उलटतो. लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असलेल्या मुलीच्या हाताला बारीक कंप असू शकतो. ती ट्रे घेऊन बाहेर येते तेव्हा कपबशा किणकिणतात, आणि सोफ्यावरची मंडळी म्हणतात, ‘अगं लाजू नकोस, ठेव इथे’. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्या ट्रेकडेच बघत असते. मुलाच्या बाजूला तर कुणी हाताकडे बघतही नाही, त्याचं अबोल असणं ‘शांत स्वभाव’ म्हणून बायोडेटात जातं, आणि तो किती वर्षं एकटा खोलीत बसून आहे हे दहा मिनिटांत विचारायला कुणाला सुचत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता (१२ राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हता). म्हणजे दर दहा माणसांत एक, आणि त्यातल्या बहुतेकांवर उपचारच नव्हते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. आजाराचं निदान झालं म्हणून माणूस कायद्याने ‘अनसाऊंड माइंड’ (विकल मनाचा) ठरत नाही, तसं कोर्टानेच ठरवावं लागतं. आणि कलम २३ मुळे डॉक्टरला पेशंटची माहिती परस्पर देता येत नाही, त्यामुळे मुलाकडच्यांनी ओळखीने फोन करून ‘जरा विचारायचं होतं’ म्हटलं तरी उत्तर मिळायला नको. पेशंट स्वतः समोरच्याला सोबत घेऊन आला तर मात्र डॉक्टर त्याच्यासमोर सगळं बोलू शकतात, कुठल्या गोळ्या, किती वर्षं, मूल हवं असेल तेव्हा काय बदलायचं, आजार परत येतोय हे पहिल्यांदा कशावरून कळेल. हे साखरपुड्याच्या आधी, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत करतात, आणि फाईल आईवडिलांच्या हातात न देता दोघांच्या मधे टेबलावर ठेवतात.