अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात एन्झाइम कसं शिरलं

लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, फार्मवर खाद्य भरडताना मका, सोयापेंड, शिंपला यांच्या जोडीला आज फायटेज या पचनाला मदत करणाऱ्या एन्झाइमची पावडरही असते, टनाला जेमतेम शंभर ग्रॅम. खाद्यातल्या एन्झाइमांचा इतिहास कोंबडीच्या भुकेपेक्षा तिच्या विष्ठेनेच जास्त घडवला आहे.

पहिला प्रयोग अमेरिकेतला, १९२५ सालचा. अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून केलेलं ‘प्रोटोझाइम’ कोंबड्यांना दिलं गेलं. पण त्याचा धंदा काही उभा राहिला नाही. खरी निकड आणली ती बार्लीने. थंड मुलखात मक्यापेक्षा बार्ली सहज पिकते, पण तिच्यातलं बीटा-ग्लुकान हे तंतुमय द्रव्य आतड्यात पाणी धरून चिकट लगदा करतं. मग विष्ठाही चिकट. ती आधी पायांना, मग खालच्या भुशाच्या गादीला, शेवटी अंड्याला. मळक्या अंड्याला भाव कोण देणार? १९५०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांना बार्लीत एन्झाइम मिसळल्यावर पिलांची वाढ सुधारलेली दिसली. बाजारात मात्र असं एन्झाइम आलं १९८४ मध्ये, बार्लीच्याच फिनलंडमध्ये.

फायटेजची गोष्ट फॉस्फरसची. धान्य-पेंडीतला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम कोंबडीकडे नावापुरतंच. म्हणून वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस पुरवणारं खनिज) घालायचा आणि न पचलेला फॉस्फरस खतावाटे शेतात जाऊ द्यायचा. बुरशीचं फायटेज पिलांच्या खाद्यात चालतं, हे नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं. पण तेव्हा डीसीपी स्वस्त होता, मग कोण विचारतो! शेणखताच्या फॉस्फरसने पाणी नासू लागलं, नेदरलँड्समध्ये खतावर कायदे आले आणि १९९१ मध्ये तिथल्याच गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीने फायटेज विक्रीला काढलं.

आपल्याकडे कायद्याचा धाक नव्हता, हिशेब होता. शंभर ग्रॅम पावडरीने टनामागे पाचेक किलो डीसीपी वाचतो. शिवाय इथलं लेअर खाद्य बहुतेक मॅशच, म्हणजे नुसतं भरडलेलं, असतं, त्यामुळे पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाच्या वाफेत एन्झाइम मरण्याची धास्ती नाही. ती ब्रॉयलरवाल्यांची डोकेदुखी.

लेअरची अडचण कॅल्शियमची. कवचासाठी कोंबडीला रोज सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि आतड्यात तेच फायटेटला धरून बसतं, मग फायटेजला ते फोडणं जड जातं. पुढे आलेलं ई. कोलाय या जीवाणूचं फायटेज इथे सरस ठरलं, कारण ते पोटातल्या आम्लातच, कॅल्शियमशी गाठ पडण्याआधी, बरंचसं काम उरकते.