पटल-स्फटिकीकरण, औषधांच्या नॅनोस्फटिकांचे

पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या औषधाचे एक मायक्रोमीटरहून लहान स्फटिक पटलाच्या (बहुधा सच्छिद्र अशा पातळ पडद्याच्या) साहाय्याने, खंड न पाडता तयार करण्याची पद्धत. काही लेखक ‘नॅनो’ हा शब्द १०० नॅनोमीटरखालील कणांपुरता राखून ठेवतात. औषधनिर्माणशास्त्रात १,००० नॅनोमीटर ही सैल मर्यादाच रूढ असून येथे तीच धरली आहे.

कणाचा आकार १० मायक्रोमीटरवरून २०० नॅनोमीटरवर आणला, की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ ५० पट होते आणि नॉयेस-व्हिटनी समीकरणानुसार (१८९७) विरघळण्याचा वेग वाढतो. कण लहान तितकी विद्राव्यता अधिक, असे सांगणाऱ्या ऑस्टवाल्ड-फ्रॉइंडलिख समीकरणाच्या आधारे विद्राव्यताही वाढते असे पुष्कळदा लिहिले जाते; मात्र या आकारात ती वाढ माफक असते. खरा लाभ वेगाचा मानणे अधिक सयुक्तिक. सिरोलिमसच्या गोळ्या (अमेरिकेत मान्यता २०००) किंवा ॲप्रेपिटंट (२००३) ही नॅनोस्फटिक औषधे मण्यांच्या चक्कीत ओल्या दळणाने बनली. पटल-पद्धती याच्या उलट, विद्रावातून स्फटिक घडवते.

तिचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. अझूरी, गार्साइड व रॉबर्टसन यांनी १९८६ च्या सुमारास व्यस्त परासरणाने (दाब देऊन पाणी पटलापार काढून) कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मिळवले. पण त्यांचा रोख मूतखड्याकडे होता. ‘पटल-स्फटिकीकारक’ ही कल्पना साधारणतः इटलीतील कुर्चो, क्रिस्क्युओली व द्रिओली यांच्या २००१ मधील लेखनाशी जोडतात. त्यांच्या रचनेत विद्रावक वाफेच्या रूपाने जलरोधी पटलापार जातो व मागे उरलेला विद्राव अतिसंपृक्त होतो, म्हणजे त्यात मावेल त्याहून अधिक पदार्थ विरघळलेला राहतो. औषधांपुरते पाहिल्यास सिरकार व झार्काडास यांची अमेरिकेतील पोकळ तंतूंची पद्धत (२००४–०६) अधिक जवळची वाटते, कारण तीत बाष्पीभवनाची वाट पाहावी लागत नाही. ल्यों येथील शार्कोसे व फेसी यांचे पटल-संपर्कित्रही (दोन द्राव पटलातून एकत्र आणणारे साधन, २००५) याच कुळातले, पण ते मुख्यतः नॅनोकणांसाठी होते, स्फटिकांसाठी नव्हे.

पोकळ तंतूंच्या जुडग्यात औषधाचा ॲसिटोनसारख्या विद्रावकातील विद्राव एका बाजूने व पाणी दुसऱ्या बाजूने वाहते. दाबातील किंचित फरकाने एक द्राव असंख्य छिद्रांतून दुसऱ्यात झिरपतो आणि पाण्यात औषध जेमतेम विरघळत असल्याने मिश्रण अतिसंपृक्त होते. स्फटिकबीजे निर्माण होण्याचा वेग अतिसंपृक्ततेबरोबर अतिशय झपाट्याने वाढतो. म्हणून मिसळण बीजे फुटण्याच्या आत पूर्ण झाली, तर सर्वत्र एकदम पुष्कळ बीजे पडतात आणि कोणताच स्फटिक मोठा होत नाही. (खडीसाखर करणारा पाक सावकाश निववतो, त्याचे हे नेमके उलट.) दुसऱ्या प्रकारात तंतूची भिंत घन, छिद्रहीन असते, तिच्यातून फक्त उष्णता जाते व थंड झाल्याने स्फटिक पडतात.

छिद्रे स्फटिकांनी बुजणे हा मुख्य अडसर. त्यासाठी स्फटिक छिद्रात न जन्मता वाहत्या प्रवाहात जन्मतील अशी दाबाची दिशा राखतात. बाहेर पडलेले कण पुन्हा जाड होऊ नयेत (ऑस्टवाल्ड पक्वन) म्हणून हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोजसारखे बहुवारिक (पॉलिमर) किंवा पृष्ठसक्रियकारक (सर्फॅक्टंट) आधीच मिसळतात. ग्रिसिओफल्विन हे बुरशीनाशक प्रयोगांत वारंवार वापरले जाते.

शेवटी विद्रावक काढून टाकावा लागतो; औषधात उरणाऱ्या विद्रावकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार (क्यू३सी) ॲसिटोन औषधात दशलक्ष भागांत ५,००० भागांपर्यंत चालते. सलग उत्पादनासाठी क्यू१३ हे स्वतंत्र मार्गदर्शन २०२२ मध्ये स्वीकारले गेले.